बेटावरची बुडी

नरहर बिघडला होता, आणि त्याला बिघडवणारी शरयू होती, याबद्दल द्वारकाबाईंच्या मनात तिळभर शंका नव्हती. मिसरूड फुटल्यावरही आईच्या शब्दाबाहेर न गेलेला मुलगा दिवाळीपासून तीनदा आईला 'न्हाई' म्हणाला होता, आणि तिन्ही वेळा म्हणायच्या आधी त्यानं हळूच बायकोकडं बघितलं होतं. परसातल्या लिंबाची फांदी पत्र्यावर घासून रात्रभर करकरायची. तोड म्हटलं तर म्हणाला, राहू दे. शेजारचे मार्तंडकाका गेले. सगळी गल्ली खांदा द्यायला पुढं झाली आणि हा आपला मागं मागं, जसा काही तिरडीला विंचू चिकटलाय. लोक काय म्हणाले ते द्वारकाबाईंनी ऐकलं नव्हतं, पण काय म्हणाले असतील ते त्यांना बराबर माहीत होतं. आणि तिसरी ही दाढी. न्हावी दारात येऊन बसायचा, चहा पिऊन परत जायचा. नरहरच्या तोंडावर आता चांगलं रान माजलं होतं.

"यात्रेला निघालाय का दरोड्याला?" बदनापूरच्या स्टेशनावर त्यांनी सगळ्यांदेखत विचारलं.

नरहरनं पुन्हा शरयूकडं बघितलं. उत्तर दिलं ते त्याच्या बापानं, श्रीपतरावांनी. गुडघ्यांमुळं ते यात्रेला येणार नव्हते, नुसते गाडीत बसवून द्यायला आले होते. "असू दे की," म्हणाले, "बरी दिसती." आणि मिशीतल्या मिशीत हसले. नवऱ्याचं ते हसणं द्वारकाबाईंनी टिपून ठेवलं. घरातली तिन्ही माणसं एका बाजूला आणि आपण एका बाजूला, असं त्यांना पहिल्यांदा वाटलं आणि त्यांनी पदर कमरेला घट्ट खोचला.

यात्रा जालन्याच्या पन्नालाल शेठनं काढली होती. मनमाडला गाडी बदलून मुंबई, मुंबईहून आगबोटीनं एक रात्र समुद्रावर, ओख्याला उतरायचं आणि तिथून शिडाच्या मचव्यानं द्वारकेच्या बेटावर. जालन्याची पाच-सहा घरं होती. शेठाणी भंवरीबाई डब्यात आधीच ऐसपैस बसली होती. "या बाईजी, या," तिनं जागा करून दिली. "नाव द्वारका, आणि द्वारका आजून बघितली न्हाई तुम्ही! माहेरीच चालल्या समजा." मग नरहरकडं बघून डोळे बारीक केले. "छोरा तो बिलकुल साधू दिसू लागला."

साधू. तो शब्द द्वारकाबाईंच्या काळजात रुतून बसला.

देवदर्शन हे सांगायला होतं. खरं कारण निघायच्या आदल्या आठवड्यात त्यांनी चुलीपुढं उभं राहून सांगून टाकलं होतं. शरयूला घरात येऊन पाच वर्षं झाली. दोनदा दिवस राहिले. दोन्ही वेळा द्वारकाबाईंनी गल्लीभर पेढे वाटले, जालन्याच्या ओळखीपाळखीत निरोप गेला, शहागडला भावाकडं गडी गेला, आणि दोन्ही वेळा तिसऱ्या महिन्यात सगळं धुऊन गेलं. त्यानंतर काहीच नाही. शहागडचा भाऊ, नाव कारभारी, दर भेटीला आपल्या उषाचा विषय काढायचा. मामाचीच मुलगी, परकी थोडीच. म्हणून द्वारकाबाई म्हणाल्या होत्या, "हे शेवटचं. बेटावर दोघांनी गाठ मारून समुद्रात बुडी घ्यायची, मी नवस बोललेय. बुडी घेतली तर वरीसभर वाट बघीन. न्हाईतर माघात उषा ह्या घरात येईल. कोनी मला बोल लावायचा न्हाई."

शरयू भाकरी थापत होती. ती "बरं, आत्याबाई" म्हणाली आणि भाकरी तव्यावर टाकली. हात थांबला नाही, डोळा भरला नाही. सवत येणार म्हटल्यावर कुठली बाई इतकं गुळगुळीत 'बरं' म्हणते? द्वारकाबाईंना तेव्हापासून त्या 'बरं'चा वास येत होता.

मुंबईच्या धक्क्यावर आगबोट उभी होती, जालन्याच्या कापसाच्या जिनिंगच्या दोन इमारती एकीपुढं एक ठेवाव्यात एवढी. फळीवरून वर चढताना द्वारकाबाईंनी खाली पाणी बघितलं नाही. वर जाऊन शेठनं अडवलेल्या जागेवर सतरंजी टाकली, दशम्यांचं गाठोडं मांडीखाली घेतलं, घरून आणलेल्या पाण्याचा फिरकीचा तांब्या उशाशी ठेवला. बोटीवरचं पाणी कोण कुठल्या हातानं भरतं, कुणाला ठाऊक. एवढं होईतो शरयू कठड्याशी जाऊन ओकली.

"बोट हलली न्हाई आजून," द्वारकाबाई म्हणाल्या. "दोर बांधलेला हाय. अन् हिला लागली!"

"किसी किसी को देखनेसेच लागती, बाईजी," भंवरीबाई म्हणाली.

"ही बघनाऱ्यातली न्हाई. ही दाखवनाऱ्यातली हाय. बुडी टाळायची म्हनून आजपासून आजारी पडून राह्यली."

हे त्या मुद्दाम मोठ्यानं म्हणाल्या. शरयूनं तोंड पुसलं, कोरड्या ज्वारीच्या लाह्यांची पुरचुंडी काढली आणि समुद्राकडं पाठ करून एकेक लाही चघळत बसली. नरहर तिच्या नि वाऱ्याच्या मधे जाऊन बसला. मग भोंगा वाजला, बोट निघाली, आणि किनारा दिसेनासा व्हायच्या आत जालन्याची सगळी मंडळी ओकायला लागली. पन्नालाल शेठ पगडी काढून आडवा झाला. खुद्द द्वारकाबाईंची अशी अवस्था झाली की सुनेवर नजर ठेवायला मानही उचलवेना. त्या गडबडीत शरयूचं ओकणं कुणाच्या ध्यानात राहिलं नाही. द्वारकाबाईंच्या मात्र राहिलं.

संध्याकाळी लाटा जरा निवल्या. बोटीच्या दुसऱ्या टोकाला जटावाले बैरागी बसले होते, आणि नरहर त्यांच्यात मांडी घालून कसलंसं बोलत होता, दाढी कुरवाळत. द्वारकाबाईंच्या डोक्यात एकदम लख्ख उजेड पडला. झाड तोडत नाही, कारण जीवहत्या. खांदा देत नाही, कारण संसारातून मन उडालं. दाढी तर समोरच होती. पोरगं बैरागी व्हायला निघालं! बेटावर उतरणार नि ह्यांच्यामागं चालू लागणार. आणि त्या बयेला सगळं ठाऊक आहे, म्हणून सवतीचं भय नाही तिला. नवराच राहणार नाही तर सवत कुठली!

"नऱ्या, हिकडं ये!" त्या ओरडल्या. "काय विचारत होतास त्यांना?"

"काही न्हाई, माय. बेटावर चढन किती हाय, मचव्यात धक्के बसतात का, तेच."

"तुला रे कशाला पायजे? तू काय म्हातारा हायेस?"

नरहरनं शरयूकडं बघितलं. झालं, पुन्हा तेच.

त्या रात्री झोपताना द्वारकाबाईंनी आपल्या पदराचं टोक नरहरच्या धोतराच्या सोग्याला बांधलं, गाठीवर गाठ. सकाळी जाग आली तेव्हा गाठ सुटलेली होती. पदर नीट घडी करून त्यांच्या उशाशी ठेवला होता, तांब्याचं झाकण भरून पाणी ठेवलं होतं, आणि पलीकडं दिवसाढवळ्या, शेठ-शेठाणीच्या डोळ्यांदेखत, सून नवऱ्याच्या मांडीवर डोकं ठेवून पडली होती आणि तो तिला उपरण्यानं वारा घालत होता. बैरागी होणारा माणूस बायकोला वारा घालत बसत नाही. द्वारकाबाईंचा कालचा सगळा हिशेब मोडला. संशय मात्र गेला नाही, उलट दुप्पट झाला, कारण आता तो नेमका कशाचा आहे हेच कळेना.

बेट त्यांना वाटलं होतं त्यापेक्षा धाकटं निघालं. पांढरी वाळू, तळव्याला टोचणारे शिंपले, आणि पाणी इतकं नितळ की बुडाची वाळू दिसावी. पलीकडं शिंदीची झाडं बघून त्यांना उगाच बरं वाटलं. आपल्याकडच्या ओढ्याकाठी असतात तशीच. एका झाडाखाली न्हावी वस्तरा पाजळत बसला होता. पन्नालाल शेठ डोकं करून आला, शेठाणीशी गाठ मारून कमरेएवढ्या पाण्यात गेला आणि दोघांनी नाकं धरून बुडी मारली. एकेक जोडपं जात होतं. तीर्थाचा पंड्या काठावरून संकल्प सांगत होता.

"चल," द्वारकाबाई मुलाला म्हणाल्या. "आधी ते रान उतरव, मंग पानी."

"न्हाई, माय."

"काय न्हाई?"

"वस्तरा न्हाई लावायचा. आन् मी समुद्रात उतरनार न्हाई."

 भिजलेली भंवरीबाई केस पिळता पिळता तशीच उभी राहिली. द्वारकाबाईंचा आवाज चढला. "एवढ्या लांब मला खेळ दाखवायला आनलंस? बोटीवर आतडी पिळून निघाली माझी! देवाला बोललेला नवस हाय, नऱ्या. कारभाऱ्याला शब्द दिलाय मी. तू पान्यात गेला न्हाईस तर माघात उषा घरात आलीच म्हनून समज. हिला इचार, चालंल का हिला? इचार!"

 नरहरच्या मागून शरयू पुढं आली. पाच वर्षांत तिनं सासूपुढं एवढं तोंड वर केलं नव्हतं.

"आत्याबाई, उषाला आनायचं असंल तर आना," ती म्हणाली. आवाज कापत होता, पण शब्द नाही. "मी तिचं बी करीन. पन ह्यांना पान्यात घालू नका."

द्वारकाबाईंच्या तोंडात पुढची शिवी तयार होती. ती तिथंच राहिली.

सवत पत्करते, पण नवऱ्याची बुडी नको म्हणते. असं कोण म्हणेल? नवरा पाण्याला भीत नाही. गोदावरीत शहागडच्या डोहात तो पोरवयात मासळीसारखा पोहायचा. मग समुद्रच का नको? त्यांनी मुलाच्या दाढीकडं बघितलं आणि एकदम त्यांना दुसरी एक दाढी आठवली. काळीभोर, छातीपर्यंत आलेली. श्रीपतरावांची. नरहर पोटात होता तेव्हाची. सासू म्हणाली होती, बायकोच्या पोटात जीव असला की नवऱ्यानं वस्तरा लावायचा नाही, हिरवं झाड तोडायचं नाही, प्रेताला खांदा द्यायचा नाही, समुद्रात न्हायचं नाही. त्या वेळी सख्खा चुलता गेला तरी द्वारकाबाईंनी नवऱ्याला तिरडीच्या चार हात लांब उभा केला होता. ही गोष्ट त्यांनीच नरहरला लहानपणी हजारदा सांगितली होती. तुझ्यापायी तुझा बाप अस्वल झाल्ता रे, म्हणून.

झाड नाही. खांदा नाही. वस्तरा नाही. आता समुद्र नाही.

आणि दोर सुटायच्या आधीच आलेली ती ओकारी.

खरं तर अशा दिवसांत दोघांनी यात्रेलाही निघायला नको होतं. पण न निघून करतात काय? का येत नाही म्हणून द्वारकाबाईंनीच खोदून खोदून काढलं असतं, आणि दुसऱ्या दिवशी गल्लीत पेढे गेले असते, मागच्या दोन्ही वेळांसारखे. श्रीपतराव मिशीतल्या मिशीत का हसले तेही आता कळलं. म्हाताऱ्यावर सूड उगवायचा तो पुढं घरी गेल्यावर.

"बाईजी?" भंवरीबाई जवळ आली. तिच्या डोळ्यांत सगळं जालना उभं होतं. "छोरा का न्हाई म्हनतो? काय झालं?"

शरयूनं श्वास धरला होता, ते द्वारकाबाईंना न बघताही कळलं. पोरीचे दोन्ही हात पदराखाली गेले होते.

"कानात फोड झालाय त्याच्या," द्वारकाबाई म्हणाल्या. "मोठा. पू येतो. हकीमानं पान्याला बिलकुल मनाई केलीय. आधी सांगायचं सोडून खांबासारखा उभा राह्यला मेला. ना इकडं अक्कल, ना तिकडं." मग पंड्याकडं वळून, "महाराज, मायनं लेकराच्या नावानं बुडी घेतली तर चालती का?"

"चालती, मा. कपडा संगं घे त्याचा."

त्यांनी नरहरच्या खांद्यावरचं उपरणं ओढून घेतलं. गाठोड्यातून शरयूचं जादा लुगडं काढलं. उपरण्याच्या टोकाला लुगड्याचा पदर बांधला, गाठीवर गाठ, काल रात्री बांधली होती तशीच, पण ही कुणी सोडणार नव्हतं. मग ती गाठ छातीशी धरून त्या पाण्यात शिरल्या. मोठ्या पाण्याला त्या जन्मभर भीत आल्या होत्या, हे घरात कुणालाच माहीत नव्हतं. गुडघे, कंबर, छाती. लाट आली तशी वाळू पायाखालून सरकली. नाक धरायला हात मोकळा नव्हता. त्यांनी डोळे मिटले आणि बुडी मारली. वर येऊन खारट पाणी थुंकून दुसरी मारली. एक लेकाची, एक सुनेची. तिसऱ्या बुडीला पंड्या "बस, मा, बस" म्हणून ओरडला, तरी ती त्यांनी मारलीच. ती कुणाच्या नावाची, ते त्यांनी कुणाला सांगितलं नाही.

बाहेर आल्या तेव्हा दातावर दात वाजत होते. भंवरीबाई आणि मंडळी देवळाकडं चालू लागली होती. नरहर धावत पुढं आला, त्याला त्यांनी हातानंच लांब केलं.

"तू सामान घे अन् पुढं हो. सावकाश चाल, तुझ्यामागं कोनी लागलं न्हाई."

शरयू तिथंच उभी होती. द्वारकाबाईंनी गाठ मारलेलं ओलं उपरणं-लुगडं तिच्या हातात ठेवलं, तिला वरपासून खालपर्यंत बघितलं, मग पुन्हा खालपासून वरपर्यंत. शरयूनं मान खाली घातली.

"वर बघ," द्वारकाबाई म्हणाल्या. "तू लबाड हायेस, शरयू. पक्की लबाड. माझ्या चुलीपुढं बसून, माझ्याच हातचं खाऊन, माझ्या डोळ्यांत धूळ टाकलीस, अन् नवरा सासरा दोघं आपल्या बाजूला ओढलेस. आजवर मला असं कोनी फसवलं न्हवतं. एकीनंच ही गत केली माझी. आनखी दुसरी आनून मरू का मी?"