व्याह्यांनी मागितलेला राजीनामा

तोरगिनने नवा कोट घेतला आणि कुनसुलूच्या पोटात दुखायला लागलं. शिमकेंत शहरातल्या मोज्यांच्या कारखान्यात दोघी शेजारशेजारच्या यंत्रांवर म्हाताऱ्या होत आल्या आणि एकाच दिवशी घरी बसल्या. पण तोरगिन नोकरकपातीची भरपाई घेऊन गेली आणि कुनसुलू हात हलवत परतली. एकीला सगळं आणि दुसरीला ठेंगा, हे पाहून कुणाचं डोकं ठिकाणावर राहील?

कारण सरळ होतं. तोरगिनला कारखान्याने काढलं होतं. कुनसुलूने मात्र 'स्वेच्छेने नोकरी सोडते' असं आपल्या हाताने लिहून दिलं होतं. कारण तसं लिहून मागायला साहेब आला नव्हता, व्याही आला होता. कारखान्याचा संचालक ओरिनबासार म्हणजे तिच्या लेकीचा सासरा. तिने मेंढा कापला, त्याला मानाच्या जागी बसवलं, पाहुण्याचा मान म्हणून मेंढ्याचं डोकं त्याच्यापुढे ठेवलं. हात पुसता पुसता तो म्हणाला, "विहीणबाई, एवढं लिहून द्या. पुन्हा भरती निघाली की पहिलं नाव तुमचं."

जावयाचं नातं शंभर वर्षांचं, व्याह्याचं हजार वर्षांचं, असं म्हणणारी ही माणसं. व्याह्याला नाही कोण म्हणणार? तिने लिहून दिलं, शिवाय तो निघताना त्याच्या खांद्यावर मानाचा नवा झगा घातला. पुढे भरती निघाली आणि तिच्या यंत्रावर त्याची पुतणी बसली.

तेव्हापासून तोरगिन हसली तरी कुनसुलूला वाटे, मलाच हसतेय.

एकदा तोरगिन घरी आली. "कामगारांच्या तंटा समितीकडे अर्ज कर. दबाव टाकून घेतलेला राजीनामा रद्द होतो. माझ्याकडूनही तसंच लिहून मागत होते, मी साक्ष देते."

"तू कशाला? तुझं झालं ना भागून?"

"बरं, नको तर नको. पण मुदत संपत आलीय बाई."

कुनसुलू आठवडाभर फुगून बसली. मग ऐन थंडीत घरातला कोळसा संपला, तेव्हा मुकाट्याने अर्ज करून आली.

सुनावणीच्या दिवशी दोघी बाहेर बाकावर बसल्या होत्या. नवा कोट अगदी हाताला लागत होता. कुनसुलूला राहवलं नाही. "तुला बरं जमलं गं, नाही म्हणायला."

"जमायला काय लागतं? मला ऑफिसात बोलावून उभं ठेवलं होतं. 'बस'सुद्धा म्हणाले नाहीत." तोरगिन खाली बघत म्हणाली, "तुझ्याकडे मात्र घरी आले, जेवले. खरं सांगू? त्या दिवशी मी जळून खाक झाले होते. मला ना लेक, ना व्याही. माझ्या उंबऱ्यावर कोण येतंय?"

तोरगिन आपल्यावर जळत होती! कुनसुलूला इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच बरं वाटलं. ती ताठ मानेने आत गेली.

तोरगिनने साक्ष दिली, चांगली खणखणीत. मग समितीच्या बाईंनी विचारलं, "कुनसुलू, तुमच्यावर दबाव होता का? हो म्हणालात तर भरपाई मिळेल."

ओरिनबासार उठून उभा राहिला. सगळ्यांसमोर छातीवर हात ठेवून किंचित वाकला. "आमच्या विहीणबाई खोटं बोलायच्या नाहीत."

हो म्हटलं की कोळसा येणार होता, कदाचित कोटही. पण मग ती तोरगिनसारखीच एक काढलेली बाई उरणार होती, जिच्या घरी कुणी व्याही येत नाही. तोरगिनकडे नाही असं तिच्यापाशी एवढं एकच होतं.

"नाही," कुनसुलू म्हणाली. "मी माझ्या इच्छेनेच लिहिलं."

बाईंनी फाइल बंद केली. कुनसुलूने लगेच मागे वळून पाहिलं, तोरगिन जळतेय का ते बघायला. तोरगिन तोंडावर हात धरून तिच्यासाठी रडत होती.