मिसेस कुचेरांचा डावा पाय

मुलाखतीचं बोलावणं आलं तेव्हाच ब्रेना टॉलेफ्सनला संशय आला. डॉक्टरकीच्या दुसऱ्या वर्षी ती एका परीक्षेत नापास झालेली. मुलाखत होती अमेरिकेतल्या नेब्रास्का राज्यात, एका लहानशा गावच्या रुग्णालयात; तिथे फॅमिली डॉक्टर होण्याचं प्रशिक्षण मिळायचं, जागा मोजक्याच. मग आपल्याला कशाला बोलावतील? नुसती संख्या भरायला, असं तिनं धरूनच ठेवलं.

त्यात वरच्या वर्गातल्यांनी तिच्या डोक्यात भरवलं होतं, की तिथे मुलाखत खोलीत होत नाही, दिवसभर चालते. तुम्ही कुणाशी कसं वागता यावर सगळ्यांची नजर असते. त्यामुळे दुपारी जेवणात चिली, म्हणजे राजमा-खिम्याचं तिखट कालवण, आणि दालचिनीचा गोड रोल समोर आला, तरी ब्रेनाला घास गिळवेना. शेजारचा डॉक्टर गोड बोलत होता, तोही तिला हेरच वाटला.

जेवण उरकून ती मुलाखतीला निघाली, तर वाटेतल्या बाकावर एक म्हातारी बसलेली, एका पायात बूट नाही.

"पोरी, एवढा बूट चढवून दे गं. सकाळपासून पाय आतच जात नाहीये."

ब्रेना मनात हसली. कॉलेजात सरावासाठी रोग्याचं सोंग घेणारी माणसं आणायचे, ही त्यातलीच. ऐन मुलाखतीच्या तोंडाशी बसवलीय! तिनं शिकवल्याप्रमाणे गुडघे टेकले, नाव सांगितलं, गोड आवाजात चौकशी केली. बाईंचं नाव मिसेस कुचेरा. नवरा डोळे तपासायला आत गेलेला. आदल्या आठवड्यात दोघं लेकीकडून, पार ॲरिझोनाहून, गाडीनं परतलेली.

लांबचा प्रवास, एकच पाय सुजलेला. म्हणजे रक्ताच्या गुठळीचा प्रश्न घातलाय, ब्रेना मनात म्हणाली. कॅमेरा कुठे आहे ते तिरक्या नजरेनं शोधत तिनं मोजा खाली सरकवला.

डावी पोटरी टणक होती, चांगलीच तापलेली. बोट दाबलं तिथला खड्डा भरेना. असं सोंग कुणाला आणता येत नाही. तिनं कॅमेरा शोधणं सोडलं.

"दम लागतो का?" या वेळी आवाज गोड नव्हता.

"जिना चढताना थोडा. वय झालं ना."

ब्रेनानं त्यांना उठू दिलं नाही. व्हीलचेअर मागवली, स्वतः ढकलत तातडीच्या विभागात नेली आणि नवरा येईपर्यंत तिथेच थांबली. गुठळीच निघाली. वेळेवर औषध सुरू झालं आणि काही दिवसांनी बाई घरी गेल्या.

मुलाखतीला मात्र उशीर झालाच. प्रमुख डॉक्टर स्टुकी म्हणाले, "खाली काय झालं ते कळलं. छान केलंत."

हेही जाळं असेल, असं ब्रेनाला वाटलं. गप्प बसता आलं असतं, पण ती बोलून गेली, "मला वाटलं, त्या बाईंना तुम्हीच सोंग घ्यायला बसवलंय. नाटक समजूनच मी गुडघे टेकले होते."

स्टुकींनी पेन खाली ठेवलं. "आणि खरं आहे कळल्यावर?"

"घाबरले."

मग त्यांनी नापास झाल्याचा विषय काढला. अभ्यास झेपत नव्हता आणि मदत मागायची लाज वाटली, असं तिनं सांगून टाकलं. परतताना गाडीत तिची खात्रीच झाली, की सगळं मातीत गेलं.

मार्चमध्ये प्रशिक्षणाच्या जागांचा निकाल लागला. तिला तिथेच जागा मिळाली होती. चूक झाली असणार म्हणून तिनं फोन केला, तर उचलला स्टुकींनीच.

"नापास झालेले आमच्याकडे पुष्कळ येतात," ते म्हणाले. "पण बहुतेकांच्या सांगण्यात परीक्षकच वाईट असतो. तुमच्या सांगण्यात नव्हता. आता डॉक्टरच्या कोटाचं माप सांगा."

मिडियम, ब्रेना म्हणाली, आणि तरीही खात्रीसाठी त्यांच्याकडून यादीतल्या स्वतःच्या नावाची अक्षरं एकेक करून वाचून घेतली.