‘त्या’ची ‘ती’ झाली

बाईंच्या मनात पाल चुकचुकली ती सुनेच्या गळ्यातल्या टेपमुळे.

तसा टेप गळ्यात असणं नवलाचं नव्हतं. सून घरीच कपडे शिवायची. सकाळी उठल्यावर केस बांधायच्या आधी ती टेप गळ्यात घालते, असं तिचा नवरा म्हणायचा. पण त्या दिवशी बाई लोकरीचे मोजे घ्यायला आपल्या मागच्या खोलीत गेल्या, तर सून त्यांच्या पलंगाशी वाकून लांबी मोजत होती. मग रुंदी. मग तिने दाराची चौकटही मोजली.

“काय गं, पलंगाला झगा शिवतेस की काय?”

सून दचकली. “नाही हो आई. सहज.”

बाईंची सारी नोकरी प्राथमिक शाळेत झाली होती. ‘सहज’ म्हणणाऱ्या मुलाच्या दप्तरात बेडूक तरी असतो, नाहीतर दुसऱ्याची पेन्सिल तरी, हे त्या अनुभवाने शिकल्या होत्या. त्यांनी मोजे घेतले आणि बाहेरच्या खोलीत जाऊन शेगडीजवळ बसल्या.

त्या हिवाळ्यात थंडी अशी पडली होती की सकाळी नळाला पाणी यायचं नाही, नुसता घोगरा आवाज यायचा. खिडकीच्या काचेवर आतून धुकं साचायचं. घरात ऊब म्हणाल तर एकाच ठिकाणी, बाहेरच्या खोलीच्या कोपऱ्यात. तिथे ती लोखंडी शेगडी होती. चार वाकडे पाय, सुटलेलं पोट आणि छताकडे गेलेलं धुराडं. बाई लग्न होऊन या घरात आल्या त्याच्याही आधीपासूनची. तिच्या झाकणाला फट पडली होती, त्यातून थोडा धूर खोलीत यायचाच. पण वर किटली गुणगुणत असे, पाठीमागे ओले मोजे वाळत आणि संध्याकाळी राखेत बटाटे भाजत.

मुलगा बस चालवायचा. कामावरून आला की बूट काढायच्या आधी तो शेगडीपुढे उकिडवा बसे. नात शाळेतून आली की थेट आजीच्या शालीत शिरे. तिला घरात सगळे खारू म्हणत, कारण पुढचे दात नवे आल्यापासून ती दिसेल ते कुरतडायची. दोघी मिळून संत्र्याची सालं शेगडीवर ठेवायच्या आणि वास खोलीभर पसरला की डोळे मिटून बसायच्या. बाईंना जगाकडून याहून जास्त काही नको होतं. पण आहे तेवढं तरी कोणी काढून घेणार नाही ना, ही धास्ती मात्र होती.

धास्तीला कारणही होतं. समोरच्या घरातल्या मावशींना गेल्या हिवाळ्यात मुलांनी ‘हवापालटा’साठी नेलं. हवा पालटली, ऋतू पालटला, मावशी काही परतल्या नाहीत. कुठल्याशा वृद्धाश्रमात त्यांना खिडकीजवळची जागा मिळाली आहे, एवढंच कळलं. त्यांच्या खोलीत आता सायकली ठेवतात.

पलंग मोजला त्याच आठवड्यात मुलाने माळ्यावरची बाईंची ट्रंक खाली काढली.

“कशाला रे?”

“पुसायला.”

“भर हिवाळ्यात?”

“धूळ काय ऋतू बघून बसते, आई?”

उत्तर चोख होतं. तयार उत्तरांवर बाईंचा कधीच विश्वास नव्हता. कुठेतरी पाणी मुरत होतं.

मग तो माणूस आला. धिप्पाड, हात तेलकट, कानटोपी भुवयांपर्यंत ओढलेली. मुलाने दार उघडलं, पण तो आत आला नाही. उंबऱ्यावरूनच त्याने कोपऱ्याकडे पाहिलं. कोपऱ्यात बाई होत्या, मांडीवर शाल, हातात विणकाम. त्याने मान तिरपी करून अंदाज घेतला.

“जड आहे,” तो म्हणाला. “दोन माणसं लागतील उचलायला. रविवारी येतो.”

मुलगा त्याला घाईघाईने बाहेर घेऊन गेला. बाईंनी विणकाम खाली ठेवलं. वजनावरून आजवर त्यांना कोणी बोललं नव्हतं, निदान उंबऱ्यावरून तरी.

चोरून ऐकू नये, हे मुलांना शिकवण्यात ज्यांचा जन्म गेला, त्या बाईंनी त्याच संध्याकाळी नातीला शालीत घेतलं.

“खारू, मी मागे आडवी झाले की आईबाबा काय बोलतात, ते ऐकशील?”

“लपून?”

“लपायचं कशाला? अभ्यास करत बसायचं. कान असतातच उघडे. मात्र जसंच्या तसं सांगायचं. पदरचं काही घालायचं नाही. ध चा मा करायचा नाही.”

“म्हणजे शुद्धलेखन घालतात तसं?”

“अगदी तसं.”

दुसऱ्या दिवशी दुपारी खारू मागच्या खोलीत आली. खोलीला ओल होती. उशीसुद्धा गार लागायची. खारूने हात मागे बांधले, जसं वर्गात उभं राहायला आजीनेच शिकवलं होतं, आणि पाठ म्हणावा तसं म्हणून दाखवलं.

“बाबा म्हणाले, ‘ती आता थकली. आपण उगाच ओढतोय.’ आई म्हणाली, ‘ती गेली की कोपरा मोकळा होईल.’ बाबा म्हणाले, ‘आधी बोलू नकोस काही. रडारड होईल. रविवारी एकदम नेऊ दे.’ मग आई म्हणाली, ‘मला बाई कसंतरीच वाटतं.’ मग दूध उतू गेलं.”

बाईंनी विचारलं, “कोपरा मोकळा होईल, हे कोण म्हणालं?”

“आई.”

“नीट आठव. ‘त्या गेल्या की’ म्हणाली का?”

“नाही. ‘ती गेली की’.”

इथे बाईंच्या काळजात खरी कळ आली. मुलगा आईला ‘ती’ म्हणतो, त्यात काही नाही. पोटच्या पोराचं ते प्रेमच असतं. पण सून? लग्न होऊन आली त्या दिवसापासून तिने बाईंना समोर ‘तुम्ही’ आणि माघारी ‘त्या’च म्हटलं होतं. ‘त्यांना विचारते’, ‘त्या झोपल्यात’, ‘त्यांचा चहा व्हायचाय’. रागाच्या भरातही तिची जीभ कधी घसरली नव्हती. आणि आता? माणूस नकोसा झाला की आधी त्याचं अनेकवचन जातं, बाई मनाशी म्हणाल्या. ‘त्या’ची ‘ती’ झाली. आता राहिलं काय?

व्याकरणाच्या तासाला याच बाई पोरांना सांगायच्या, “सर्वनाम म्हणजे नामाची सावली. सावली दिसली की आधी माणूस शोधा, मग घाबरा.” पण शहाणपण दुसऱ्याच्या डोळ्यांतलं कुसळ काढायला जितकं उपयोगी पडतं, तितकं स्वतःच्या पडत नाही.

त्या दिवसापासून बाईंनी थकणं बंद केलं. सगळ्यांच्या आधी उठून त्या चहा ठेवू लागल्या. हिवाळाभर त्यांना खोकला असायचा, तो त्यांनी गिळायला सुरुवात केली. अगदीच अनावर झाला की मागच्या खोलीत जाऊन उशीत तोंड खुपसून खोकायचा आणि डोळे पुसून, हसत बाहेर यायचं. शेगडीजवळची खुर्चीही त्यांनी सोडली. कोपरा मोकळा हवा आहे ना, घ्या म्हणावं.

“आई, इतक्या लांब का बसलात? गारठाल,” सून म्हणाली.

“मला नाही थंडी वाजत.”

सुनेने पावाला लोणी लावून बशी पुढे केली. बाईंनी ती उचलून निरखली.

“आज लोणी जास्त लावलंस.”

“थंडीत लागतं हो जरा.”

“थंडी महिनाभर आहे. लोणी आजच कसं आठवलं?”

सून नवऱ्याकडे बघून हळूच हसली, आणि ते हसू बाईंनी टिपलं. जाणाऱ्या पाहुण्याच्या पानात चार घास जास्तच वाढतात, हे त्यांना माहीत होतं. कावीळ झालेल्याला सगळं पिवळं दिसतं, हेही त्यांना माहीत होतं. फक्त आपल्याला कावीळ झाली आहे हे माहीत नव्हतं.

शनिवार उजाडला. दोन माणसांनी उचलून नेण्यापेक्षा आपल्या पायांनी गेलेलं बरं, असं ठरवून बाईंनी पलंगाखालची पिशवी ओढली. धाकट्या बहिणीकडे जायचं. ती बोलून बोलून जीव घेईल, पण ठेवून घेईल. स्वेटर, औषधं, चष्म्याचं घर, विणकामाच्या सुया. खारूसाठी विणत असलेली टोपी अर्धीच झाली होती. ती पिशवीत घालावी की इथे ठेवावी, ते ठरेना. टोपी हातात घेऊन त्या बसल्या होत्या, तेवढ्यात शनिवारची सकाळची शाळा आटोपून खारू आत आली.

“आजी, कुठे चाललीस?”

“माझ्या बहिणीकडे. थकलेल्या माणसाने वेळेवर उठावं.”

“कोण थकलं?”

“तूच सांगितलंस की. ‘ती आता थकली.’”

खारूने तोंडातली मफलरची झालर सोडली. “ते शेगडीचं गं.”

बाईंनी तिच्याकडे पाहिलं.

“बाबा तिच्या झाकणाला चिमट्याने ठोकून म्हणाले. ती फट वाढलीये ना. तो कानटोपीवाला भंगारवाला तिलाच न्यायला येणारे.”

“मग तेव्हाच ‘शेगडी’ म्हणून का नाही सांगितलंस मला?”

“तूच म्हणालीस, पदरचं काही घालायचं नाही. ‘शेगडी’ कोणी म्हणालंच नव्हतं. नुसते हात करत होते.” खारूला आपली चूक कुठे झाली ते कळेना. “आणि तू विचारलंस, आई ‘ती’ म्हणाली की ‘त्या’, तेव्हा मला वाटलं व्याकरण विचारतेस. आई तुला कधी ‘ती’ म्हणते का? तुला ‘त्या’ म्हणते. शेगडीला कशाला म्हणेल ‘त्या’? शेगडी काय तिची सासू आहे?”

बाई पलंगावर बसल्याच होत्या म्हणून बरं. ज्या एका शब्दाने त्यांची झोप उडवली होती, तोच शब्द पहिल्यापासून सांगत होता की हे तुझ्याबद्दल नाही. सून सासूला ‘ती’ म्हणणारच नाही. म्हणजे ‘ती’ दुसरीच कोणीतरी. पहिलीतल्या पोराला जमलं असतं.

दारात सून उभी होती. गळ्यात टेप, बोटांना खडू. तिची नजर पिशवीवर गेली.

“आई, हे काय?”

“आधी तू सांग. माझा पलंग कशाला मोजलास?”

सून खालीच बसली. डॉक्टर म्हणाले होते, धुराने खोकला हटणार नाही, ओलीने वाढेल. म्हणून दोघांनी ठरवलं होतं की शेगडी काढायची, तिथे विजेचा हीटर बसवायचा आणि बाईंचा पलंग बाहेरच्या उबेच्या कोपऱ्यात आणायचा. पलंग दारातून निघतो का, ते ती बघत होती. खाली ट्रंक मावते का, ते मुलगा बघत होता.

“मग मला सांगायला काय झालं होतं?”

“तुम्ही शेगडीला हात लावू दिला असता?”

बाईंनी हातातली टोपी उलटसुलट केली. नसता लावू दिला.

“पण आता नाही काढत,” सून पिशवीतला स्वेटर बाहेर काढत म्हणाली. “तुमचा खोकला पार थांबलाय हल्ली. हे कालच म्हणाले, खोकलाच नाही तर तिला घालवायची कशाला? पलंग काय, पुढच्या वर्षी बघू. संध्याकाळी सांगतात त्या भंगारवाल्याला, येऊ नको म्हणून.”

म्हणजे शेगडी वाचली होती. किटली, बटाटे, संत्र्याची सालं, सगळं वाचलं होतं. बाईंनी फक्त गप्प राहायचं होतं, जसं त्या हे सगळे दिवस राहिल्या होत्या. खोकला छातीत दबा धरून बसला होता, बाकाखाली लपलेल्या व्रात्य पोरासारखा. पाठीमागची भिंत गार होती. समोर सून त्यांच्या स्वेटरची घडी घालत होती. बाहीचं एक सुटलेलं टोक दिसलं, तर तिने लगेच टेपात खोचलेली सुई काढली.

बाईंनी खोकल्याला वाट दिली.

तो बराच वेळ चालला. सुनेने पाठ चोळली, खारू पाणी घेऊन धावत आली. शेवटी बाईंनी डोळे पुसले.

“हा कधीपासून?” सुनेने विचारलं.

“थांबलाच नव्हता. गिळत होते.”

“का पण?”

“सहज,” बाई म्हणाल्या.

सुनेने त्यांच्याकडे पाहिलं, मग पिशवीकडे, मग खारूकडे. “‘सहज’ म्हणणाऱ्याच्या दप्तरात काय असतं, ते तुम्हीच सांगता ना सगळ्यांना?”

“बेडूक,” खारू म्हणाली.

रविवारी दोन माणसं आली. शेगडी खरंच जड निघाली. पण बाईंनी ती भंगारात जाऊ दिली नाही; अंगणात पत्र्याच्या आडोशाला ठेववली. सुट्टीच्या दिवशी सगळे कोट घालून तिच्याभोवती बसतात, बटाटे भाजतात, धूर आभाळात जातो. घरात कोपऱ्यात बाईंचा पलंग आहे आणि शेजारी हीटर. त्याच्यावर बाईंचा अजून विश्वास नाही. ना राख, ना वास, नुसता लाल डोळा करून बघत बसतो. संत्र्याची सालं त्याच्यावर ठेवायला मनाई आहे.

घरात एक नियमही झाला आहे. परवा रविवारी मुलगा कामावरून आला, हात चोळत अंगणातून ओरडला, “अरे, ती गार पडलीये की काय?”

स्वयंपाकघरातून, शिलाई मशीनवरून आणि पलंगावरून एकदमच आवाज आला, “कोण?”