पांढऱ्या बाह्यांची पलटण

मी एक जुना शिशाचा खेळण्यातला शिपाई, पलटणीचा निशाणवाला आहे, मित्रांनो. माझी उंची तुमच्या अंगठ्याएवढीही नाही, पण नेपोलियनच्या फौजेशी मी बावन्न वेळा लढलो आहे आणि त्यांपैकी एकतीस वेळा हरलो आहे.

नॉटिंगहॅमच्या एका शेडमध्ये मी साच्यातून बाहेर पडलो, तेव्हा नुसताच राखाडी ठोकळा होतो. मला माणसांत आणले ते ऑस्वल्ड या निवृत्त पोस्टमनने. चार केसांच्या ब्रशने त्यांनी मला डोळे दिले, लाल कोटाला बटणे दिली. आमच्या पलटणीच्या बाह्या टोकाला पिवळ्या, तीच आमची ओळख. ती छटा जमेपर्यंत त्यांनी मला तीनदा पुसले.

दर रविवारी दुपारी ऑस्वल्ड आणि त्यांचे मित्र चर्चच्या हॉलमध्ये टेबलावर हिरवे कापड अंथरून आम्हा शिपायांची लढाई खेळत. ही माणसे मला फार आवडतात. पलटण नियमापेक्षा अर्धा इंच जास्त सरकली, तर ज्याची पलटण तोच कबूल करतो. यात सगळ्यांत कडक म्हणजे फ्रेंचांच्या बाजूने खेळणारे सेनापती बॅझिल. ऑस्वल्ड यांच्याशी चाळीस वर्षांची दोस्ती, पण चुकीच्या रंगाचे एक बटणही कधी माफ केले नाही.

पुढे ऑस्वल्ड यांची नजर अधू झाली. “आता चुकलो तर ब्रश कायमचा खाली,” असे ते म्हणू लागले. तरी गेल्या हिवाळ्यात त्यांनी हट्टाने चोवीस नवे शिपाई रंगवले. ते टेबलावर माझ्या मागे उभे राहिले. सगळ्यांच्या बाह्या पांढऱ्या होत्या.

बॅझिलनी चष्मा नाकावर घेतला. बाकीचे बिस्किटांच्या डब्यात उगाच काहीतरी शोधू लागले.

“गप्प का रे? रंग बरोबर आहेत ना?” ऑस्वल्ड यांनी विचारले.

बॅझिल म्हणाले, “नाहीत. बाह्या पांढऱ्या झाल्यात. पिवळ्या हव्या होत्या.”

ऑस्वल्ड म्हणाले, “मग संपलंच. सगळे रंग तू घेऊन जा.”

“मी कशाला नेऊ? चेहरे बघ यांचे. चोवीसच्या चोवीस वेगळे. माझे फ्रेंच सगळे एका आईचे वाटतात. मी मंगळवारी येतो, बाटल्यांवर मोठ्या अक्षरांत नावं लिहितो. रंगवायचं तूच.”

मंगळवारी ऑस्वल्ड यांचा ब्रश दोनदा कडेबाहेर गेला. बॅझिलनी त्यांचा हात धरला नाही, फक्त दिवा जवळ सरकवला. संध्याकाळपर्यंत चार बाह्या पिवळ्या झाल्या.

मित्रांनो, तुमच्याही घरी कोणाची नजर मंदावली असेल. चूक झाली तर जरूर सांगा. हातातला ब्रश तेवढा काढून घेऊ नका.