तिसरं नाव

"आत्याबाई, तुमी नुसत्या उभ्या राहा," सासूबाईंच्या गुडघ्याला तेल चोळत बना म्हणाली. "उडी म्या मारते."

"उभंच तर राहवंना, बाई. मोरीपतुर जायला दोघी लागत्यात, अन् तुझ्या काठीकडं कुठं नेतीस?"

दूध सोसायटीचे सेक्रेटरी बंडप्पा दारातच थांबले होते. "तीन नावं न्हाय भरली तर बायांची उंच उडी बंद," ते म्हणाले. "औंदाच न्हाय, कायमची. त्या जागी रांगोळी घेऊ."

"रांगोळी?" आपल्या म्हशीला कुणी शेळी म्हणावं, तसं बनाने विचारलं.

बना माझी धाकटी जाऊ. शाळेत असताना कळंबकडून औरंगाबादला उडी मारून आलेली. मग बहात्तरचा दुष्काळ पडला, शाळा सुटली, तिने खडी फोडली, लग्न होऊन तेरला आली, सोसायटीत दुधाचं माप घेऊ लागली. उडी तेवढी सुटली नाही. नऊवारीचा कासोटा घट्ट मारून दर साली सोसायटीच्या खेळांत ती पहिली यायची. येणार नाही तर काय? उरलेली दोन नावं सासूबाईंचं आणि माझं. सासूबाई काठीला नमस्कार करून खालून निघून जायच्या. मी धावत यायचे आणि काठी दिसली की मला हसू फुटायचं. दुसरा नंबर सासूबाईंचा. त्यांना हरवून मला घरात राहायचं नव्हतं का?

बना गावभर फिरली. शेवटी दवाखान्यातली नवी नर्स सायरा तयार झाली.

"लई काम न्हाय, ताई. काठीखालनं वाकून जायचं."

"वाकून कशाला?" सायरा म्हणाली. "बघू की."

एरवी उडीखाली कडब्याचा भुसा असायचा. त्या वर्षी पुन्हा दुष्काळ, काडी न् काडी चारा-छावणीतल्या जनावरांना गेली होती, म्हणून तेरणेच्या कोरड्या पात्रातली वाळू टाकली. सासूबाई बैलगाडीत बसून बघायला आल्या. मी हसून बाद झाले. बना काठीवरून गेली. सायराने ओढणी कमरेला आवळली आणि तीही गेली.

"अगं बया!" सासूबाई गाडीतून ओरडल्या. "हिला कुणी सांगितलं न्हाय का, खालनं जायचं म्हणून?"

काठी चढत गेली. इतकी वर ती आमच्या मैदानात कधी चढलीच नव्हती. चढवायची गरज कुणाला होती? बना पळाली, उडाली, क्षणभर वाटलं गेली, आणि काठी तिच्याबरोबरच वाळूत आली. पुन्हा तेच. तिसऱ्यांदाही तेच.

सायरा त्याच काठीवरून अलगद पलीकडे गेली.

मी धावत बनाकडे गेले. केसांत, कानांत वाळू, छाती भात्यासारखी हलतेय. मला रडायला येत होतं. "तूच आणलीस ना हिला?"

"जाऊबाई," ती धापा टाकत म्हणाली, "म्या कधी एवढ्या वर गेले व्हते का?"

बंडप्पा निकाल पुकारायला उठले. बनाने त्यांना हातानेच खाली बसवलं, काठी आणखी एक खाच वर चढवली आणि वाऱ्याने लटपटणारा खांब दोन्ही हातांनी धरून ती उभी राहिली.

"ये गं," ती सायराला ओरडली. "लांबनं ये."