शाबासकीचा खोटा शिक्का

मी एक खोडरबर. दानेश्वरी मॅडमच्या टेबलाच्या खणातून बोलतोय, तेव्हा आवाज दबका आला तर सांभाळून घ्या. अंगावर हजेरीपट आहे आणि शाईच्या पॅडला टेकून झोपावं लागतं.

कुठल्या कारखान्यात जन्मलो ते आठवत नाही. कागदी सदऱ्यावर 'भुगा होत नाही' असं छापलं होतं. नवी पेठेतल्या एका दुकानात बरणीत पडून होतो, तिथून दीक्षाने मला उचललं. आधी नखाने दाबलं, मग वाकवलं, मग विचारलं, "याचा खरंच भुगा होत नाही ना?"

दुकानदार म्हणाला, "ताई, रबर हाय. भुगाच होणार की."

दीक्षाला खोडरबर कोरून शिक्के करायचा नाद. एम.कॉम. झालेली, मुलीसाठी नोकरी सोडलेली. दुपारी मोबाईलवर बघून बघून शिकली. माझ्याआधी तिने एक मासा, एक पिंपळपान आणि एक शेंगदाणा कोरला होता. शेंगदाण्याचा ठसा पाहून तिचा नवरा प्रदीप म्हणाला, "बटाटा छान जमलाय." तेव्हापासून कुणालाही काही दाखवताना ती आधीच माफी मागते. काळजी करण्यात मात्र तिचा हात कोरण्यापेक्षा सफाईदार.

काळजीचं कारण होतं बुद्धप्रिया, तिची पहिलीतली मुलगी. ही पोर अक्षरं उलटी काढायची. आरशात दिसावीत तशी, उजवीकडून डावीकडे, तीही झपाझप. वहीभर लाल गोल. बाकीच्या पोरांच्या वहीत मॅडमचा शाबासकीचा शिक्का, हिच्या वहीत एकही नाही. एका सोमवारी तिने दारातच दप्तर टाकलं.

"मी शाळंत जाणार न्हाय. मला एकटीलाच शिक्का न्हाय."

दीक्षाने मोबाईलला विचारलं. त्याने सात आजार दाखवले. त्यातले पाच तिला मुलीत दिसले, दोन स्वतःत.

सासूबाई मीनाबाई भाकरी थापत म्हणाल्या, "काय बी झालं न्हाय पोरीला. प्रदीप सातवीपर्यंत उलट्या चपला घालायचा."

"आत्या, ते अजून घालतात," दीक्षा म्हणाली, आणि तिची काळजी दुप्पट झाली.

तीन दिवस पोर घरीच. समजावून झालं, चॉकलेट देऊन झालं. गुरुवारी दीक्षाने मला पाटावर घेतलं, पेन्सिलीने 'शाबास' लिहिलं आणि कटर चालवला. घरातला शिक्का घरात मारू, तेवढीच पोर खूश होईल, असा बेत. दोन तास माझी कातडी सोलून झाल्यावर शाई लावून मला कागदावर दाबलं. ठसा उठला तो साफ उलटा. माशा-पानाला कधी गरज पडली नव्हती, त्यामुळे शिक्क्यावर अक्षरं उलटी कोरावी लागतात हे बाई विसरूनच गेल्या होत्या.

मीनाबाईंनी डोकावून पाहिलं. "हे काय, कानडी लिवलंस व्हय?"

बुद्धप्रियाही वाकली. "बरोबर हाय की. मी असंच काढते."

दीक्षा थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिली, थोडा वेळ पोरीकडे. मग तिने मला पालथा केला. माझी पाठ अजून कोरी होती. पेन्सिल पोरीच्या हातात देऊन म्हणाली, "तू काढ."

पोरीने जीभ बाहेर काढून लिहिलं. दुसऱ्यांच्या वह्यांत पाहून पाहून तो शब्द तिला पाठ होता. दीक्षाने तिच्या रेघांवरून कटर फिरवला, एकही रेघ सुधारली नाही. शाई लागली, मी दाबलो गेलो, आणि कागदावर उमटलं 'शाबास'. ब जरा लठ्ठ, स लंगडा, पण सरळ.

"माझं सरळ आलं," पोर म्हणाली. "शाळेच्या वहीत मार की. मग जाते उद्या."

इथे दीक्षाने नको म्हणायला हवं होतं. तिने वही उघडली आणि लाल गोलांच्या शेजारी मला दाबलं.

पोर शुक्रवारी उड्या मारत गेली. शनिवारी दीक्षाला बोलावणं आलं.

मॅडमनी वही पुढे सरकवली. "हा शिक्का कुणाचा?"

दीक्षाने पर्समधून मला काढून टेबलावर ठेवलं. "कोरला मी. अक्षर तिचं. चूक माझी. पण मॅडम, खरं सांगा, तिला काही झालंय का?"

"झालंय की. सहा वर्षं झालीत. माझ्या वर्गात असे चार नग आहेत. बहुतेकांचं आपोआप सरळ होतं. नाही झालं तर कुणाला दाखवायचं ते मीच सांगेन. पण खोटा शिक्का मारायचा नाही. आणि माझ्या शिक्क्यावर 'शाब्बास' आहे. तुमचा अर्धा ब कुठे गेला?"

"दोन्ही चालतं, मॅडम. मी शब्दकोश बघितला होता."

मॅडम हसल्या. मग मला जप्त केलं, आणि त्याच दिवशी बाकीच्या तीन उलट्या पोरांच्या वह्यांत मला दाबलं. लाल गोल तसेच राहिले, शेजारी मी. त्यातला एक तर घरी जाईपर्यंत वही डोक्यावर धरून चालला म्हणे.

आता माझं वय झालं. कडा झिजल्या, ब च्या पोटातली रेघ पुसट उठते. परवा मॅडमनी दीक्षाकडे दुसरा शिक्का मागितला. काल ती कोराच रबर घेऊन आली. मी खणातून सगळं ऐकलं.

"तिला म्हटलं, पहिल्यासारखं काढ. तिने सरळ काढलं. म्हटलं, तसं नको, उलटं. तर मलाच विचारते, आई, उलटं कसं काढतात?" दीक्षाने कोरा रबर टेबलावर ठेवला. "मला बरं वाटलं की वाईट, तेच कळेना, मॅडम. हे नॉर्मल असतं का?"

तेव्हा माझ्यासारखा दुसरा आता होणे नाही. जूनमध्ये नवी पोरं येतील, त्यात दोन-तीन उलटी असतीलच. मॅडम, तोवर शाई बेताने लावा, जरा हळू दाबा. आणि कुणाच्या वहीत माझा ठसा दिसला तर त्या लठ्ठ ब ला हसू नका. ज्या पोरीने तो काढला तिला लिहिता येत नाही, असं तेव्हा सगळ्यांचं म्हणणं होतं.