माणचे दोन सेकंद

ज्योतीराम चाकणला पत्र्याचे भाग दाबून काढणाऱ्या एका प्रेसशॉपमध्ये पंधरा वर्षं मापं तपासायला क्वालिटीत होता, आणि तिथं रजिस्टरातला रिकामा रकाना म्हणजे महापाप. एखादं माप घ्यायचं राहिलं, की वरचं माप बघायचं, खालचं बघायचं आणि मधला आकडा ठोकून द्यायचा. ऑडिटवाले खूश, साहेब खूश. यात आपण खोटं लिहितो असं बिचाऱ्याला कधी वाटलंच नव्हतं.

आज मात्र माप आकाशातलं होतं. नेपच्यूनच्याही पलीकडचा एक लहानसा ग्रह संध्याकाळी सात बेचाळीसला एका ताऱ्यासमोरून जाणार होता. ग्रह काही दिसायचा नाही, पण तो आड आला की तारा काही सेकंद विझायचा. कुठल्या गावाला किती सेकंद विझला, यावरून ग्रहाचा आकार काढायचा होता. त्यासाठी चारुलताबाईंनी जुन्नर, मंचर, राजगुरुनगर, आळंदी आणि माण अशी उत्तरेकडून दक्षिणेकडे पाच ठिकाणं धरली होती. बाई चिंचवडच्या शाळेतून निवृत्त झालेल्या, सायन्सच्या. आळंदीला त्या स्वतः बसल्या आणि माणची एक गच्ची त्यांनी ज्योतीरामला दिली.

त्यानं डोळ्यांत तेल घालून पाहिलं. बेचाळीस झाले, त्रेचाळीस झाले, पंचेचाळीस झाले. तारा आपला ढिम्म. त्याला कुणी काही सांगितलंच नव्हतं जणू.

तेवढ्यात पाचही ठिकाणांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आकडे यायला लागले. जुन्नर साडेसात सेकंद, मंचर साडेसहा, राजगुरुनगर पाच, आळंदी तीन. ज्योतीरामनं ते पुन्हा पुन्हा वाचले. बाईंनी स्वतःची दुर्बीण दिली होती, तीन महिने रविवार मोडून शिकवलं होतं. चौघांना दिसलं आणि यालाच नाही, म्हणजे यानं भलताच तारा धरला, असंच सगळे म्हणणार. त्यानं त्या उतरत्या आकड्यांकडे पाहिलं आणि पंधरा वर्षांची सवय कामाला आली. त्यानं लिहिलं, 'माण, दोन सेकंद.' लगेच तीन अंगठे आले.

साडेआठला बाईंचा फोन आला.

"ज्योतीराम, तुमचं छान झालं हो. माझंच चुकलं. ग्रह गोल, म्हणजे कडेकडे आकडे जास्त जास्त झपाट्यानं उतरायला हवेत; तुमच्याकडे दोन सेकंद, तर माझ्याकडे साडेतीनच्या वर यायला हवेत. मोतीबिंदू काढल्यापासून डोळ्याचा भरवसाच राहिला नाही. आळंदीचा आकडा मी काढून टाकते. आणि यापुढे मी काही बसत नाही, वय झालं आता."

हे त्या इतक्या साधेपणानं म्हणाल्या की ज्योतीरामला मेल्याहून मेल्यासारखं झालं. गप्प बसला असता तर कुणाला पत्ताही लागला नसता. पण त्याच्यानं राहवेना.

"बाई, तुमचा डोळा चांगला हाय," तो म्हणाला. "माझे दोन सेकंद खोटे हायत. माझ्याकडं तारा विझलाच न्हाई. तुमचे आकडे बघून मी अंदाजानं लिहिलं."

आता बाई झाडणार, म्हणून त्यानं मान खाली घातली.

"तारा तोच होता?"

"तोच. शेजारचे दोन्ही तारे ताडून बघितले."

"मधे नजर हलली?"

"न्हाई बाई. डोळ्यातनं पाणी आलं, पण न्हाई हलली."

बाईंनी सुस्कारा सोडलेला त्याला ऐकू आला. "अहो, मग ग्रहाची सावली आळंदी आणि माणच्या मधेच कुठेतरी संपली. म्हणजे ग्रहाची कड सापडली आपल्याला. तारा विझला नाही, हेच तर तुमचं माप. रिकामा रकाना नव्हता तो." मग आवाज शाळेतला झाला. "आत्ताच्या आत्ता ग्रुपवर खरं लिहा. आणि पुन्हा असं केलंत तर दारात उभं करणार नाही."

ज्योतीरामचा जीव भांड्यात पडला. फोन चालू ठेवूनच त्यानं लिहिलं, 'मघाचे दोन सेकंद मी मनाने लिहिले होते. माणला तारा विझला नाही.' या वेळी एकही अंगठा आला नाही, आणि त्याचं त्याला काहीच वाटलं नाही. उलट इतकं हलकं वाटलं, की तो तिथंच गच्चीवर मांडी घालून बसला.

"लिहिलं बाई," तो म्हणाला.

बाईंचा शाळेतला आवाज आता हळू झाला.

"म्हणजे माझे तीन सेकंद खरे?"

"खरे, बाई."

"मग पुढच्या वेळीही आळंदीला मीच बसेन," बाई म्हणाल्या.